टाळेबंदी कधी उठवायची, याचं गणित

साथीचा आलेख उतरायला लागला की सगळीकडून एकच विचारणा होते: आता उघडायचं कधी? ही घाई समजण्यासारखी आहे. ज्यांचं हातावर पोट आहे त्यांना बंदचा एकेक दिवस भारी जातो. पण उत्तर आजच्या रुग्णसंख्येत शोधलं तर फसगत होते, कारण आजचा आकडा आजचा नसतोच.

कोविडचंच घ्या. संसर्ग झाल्यावर लक्षणं दिसायला सरासरी पाचेक दिवस लागायचे. मग तपासणी, अहवाल आणि प्रकृती बिघडलीच तर रुग्णालय. आज अतिदक्षता विभागात आलेल्या रुग्णाला संसर्ग झालेला असतो साधारण दोन आठवड्यांपूर्वी. त्यामुळे सोमवारी निर्बंध उठवले आणि शनिवारपर्यंत खाटा रिकाम्या राहिल्या, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

ही दरी भरून काढायला गणिती मॉडेल लागतं. १९२७ साली केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांनी मांडलेली कल्पना आजही त्याच्या मुळाशी आहे. लोकसंख्येचे तीन गट करायचे: संसर्ग होऊ शकणारे, बाधित, आणि बरे झालेले किंवा दगावलेले. मग कोण किती वेगानं एका गटातून दुसऱ्यात जातं, ते मोजायचं. आपलं गणित त्यांनी पडताळलं होतं ते १९०५-०६ मधल्या मुंबईच्या प्लेगमृत्यूंच्या आकड्यांवर!

यातला कळीचा आकडा म्हणजे 'आर': एक बाधित माणूस सरासरी किती जणांना संसर्ग देतो. समजा 'आर' २.५ आहे आणि संसर्गाची एक फेरी पाच दिवसांची. आज १०० नवे बाधित असतील, तर पाच दिवसांनी २५०, दहा दिवसांनी ६२५, पंधरा दिवसांनी सुमारे १,५६०. आता कडक टाळेबंदी लावून 'आर' ०.८ वर आणला. पुन्हा १०० वर यायला किती दिवस? तब्बल दोन महिने. चढण पंधरवड्याची, उतार त्याच्या चौपट लांब. हे मला या साऱ्या गणितातलं सर्वांत क्रूर सत्य वाटतं.

म्हणून 'कोणत्या तारखेला' यापेक्षा 'कोणत्या आकड्यावर' उघडायचं, हा प्रश्न मोठा. निर्बंध सैल केल्यावर 'आर' १.१ झाला, तर महिनाभरात नवे बाधित पावणेदोन पट होतात. १०० चे १७७ झाले तर प्रत्येकाच्या संपर्कातली माणसं शोधून काढणं जमू शकतं. १,००० चे १,७७० झाले की ते हाताबाहेर जातं.

१५ एप्रिल २०२० ला जर्मनीच्या चान्सलर अँगेला मर्केल यांनी हेच जाहीरपणे समजावलं होतं. 'आर' १.१ राहिला तर आरोग्यव्यवस्थेची क्षमता ऑक्टोबरात संपेल, १.२ ला जुलैत, १.३ ला जूनमध्येच. दशांशानंतरच्या एका अंकावर कित्येक महिने अवलंबून होते.

अर्थात मॉडेल म्हणजे भाकीत नव्हे. भीती वाढली की लोक आपणहून घरी बसतात, ओसरली की बाहेर पडतात, आणि 'आर' बदलतो. त्यामुळे एक गोष्ट उघडायची, दोन-तीन आठवडे थांबायचं, आकडे पुन्हा मॉडेलमध्ये घालायचे आणि मगच पुढची उघडायची, हा मार्ग मला पटतो. शाळा आणि बाजार एकाच दिवशी उघडले आणि तीन आठवड्यांनी 'आर' १ च्या वर गेला, तर त्यातलं नेमकं काय बंद करायचं, हे त्या एका आकड्यावरून कळणार नाही.