पाच वर्षं झाली म्हणजे सुटलो?

‘पाच वर्षं काढलीस ना, आता फाइल टाक माळ्यावर.’ हॉजकिन लिम्फोमातून (लसिका ग्रंथींच्या एका कॅन्सरमधून) बरं झालेल्याला घरातलं कोणीतरी हे हमखास ऐकवतं. यातलं अर्धं खरं आहे. इतक्या काळानंतर तोच लिम्फोमा उलटण्याची शक्यता फार कमी उरते. घोळ आहे तो ‘तोच’ या शब्दात.

नेदरलँड्समध्ये १९६५ ते २००० दरम्यान उपचार घेतलेल्या आणि नंतर किमान पाच वर्षं जगलेल्या ३,९०५ जणांचा मागोवा घेतला गेला. २०१५ साली निष्कर्ष छापून आले. दुसरा, वेगळाच कॅन्सर होण्याचं प्रमाण इतर लोकांच्या ४.६ पट निघालं. ३५ वर्षांनंतरही ते वाढलेलंच होतं.

कारण बरंचसं उपचारांतच आहे. छातीवरच्या रेडिएशनच्या वाटेत स्तन, फुप्फुसं, थायरॉइड येतात. तिथल्या डीएनएची इजा गाठ होऊन दिसायला दहा-वीस वर्षं सहज जातात. (म्हणून उपचारच नकोत, असं कोणी म्हणू नये. ते नसते तर ही माणसं मोजायला उरलीच नसती. शिवाय आता रेडिएशन कमी डोसचं आणि कमी जागेवर देतात.)

तेव्हा फाइल खाली काढा. कुठे, किती ग्रे (डोसचं माप) रेडिएशन, कोणती औषधं, ते पान शोधून डॉक्टरांना दाखवा. तरुणपणी छातीवर रेडिएशन घेतलेल्या बाईची स्तनतपासणी त्या रेडिएशननंतर साधारण आठ वर्षांनी, पण पंचविशीनंतर सुरू करतात. मॅमोग्राफीच्या जोडीला एमआरआय. आणि सिगारेट? फुप्फुसाच्या बाबतीत इथे धोक्यांची बेरीज नाही, गुणाकार होतो.