मन्स्टर वरिष्ठ गेलिक फुटबॉल अजिंक्यपद स्पर्धा, २०२०

आयर्लंडच्या दक्षिणेकडील मन्स्टर प्रांतातल्या सहा काउंटी संघांची वार्षिक बाद फेरीची स्पर्धा. २०२० चा हंगाम करोनामुळे उन्हाळ्याऐवजी हिवाळ्यात, रिकाम्या मैदानांवर झाला. २२ नोव्हेंबर २०२० रोजी कॉर्क शहरातील पार्क ई क्वीव मैदानावर झालेल्या अंतिम सामन्यात टिपेररीने कॉर्कचा ०-१७ विरुद्ध ०-१४ असा पराभव केला. टिपेररीला हे विजेतेपद १९३५ नंतर, म्हणजे ८५ वर्षांनी मिळाले.

हे गुण मराठी वाचकाला कोड्यासारखे वाटतील. गेलिक फुटबॉलमध्ये प्रत्येक बाजूला १५ खेळाडू असतात. चेंडू हातात घेऊन पळता येते, पण चार पावलांहून जास्त नाही. मग तो जमिनीवर आपटावा लागतो किंवा पायाच्या चवड्याने उडवून पुन्हा हातात झेलावा लागतो. गोलखांब इंग्रजी एच अक्षरासारखे असतात. आडव्या दांडीखालून चेंडू जाळ्यात गेला तर गोल, त्याचे तीन गुण. दांडीवरून, दोन उभ्या खांबांच्या मधून गेला तर २०२० च्या नियमांनुसार एक गुण. धावफलकावर आधी गोल आणि मग सुटे गुण लिहितात. म्हणजे १-१२ चे एकूण १५ होतात, आणि ०-१७ म्हणजे एकही गोल न करता १७. अंतिम सामन्यात दोन्ही संघांना एकही गोल करता आला नाही.

काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. खेळाडू आपल्याच काउंटीकडून खेळतात आणि खेळण्याचा पगार कुणालाच मिळत नाही. सोमवारी सकाळी जो तो आपल्या नोकरीवर. मन्स्टरमध्ये केरी, कॉर्क, टिपेररी, लिमरिक, क्लेअर आणि वॉटरफर्ड अशा सहा काउंट्या आहेत. फुटबॉलपुरते बोलायचे तर हा प्रांत दोघांच्या मालकीचा होता. १९३६ पासून २०१९ पर्यंत विजेतेपद केरी किंवा कॉर्क यांच्याबाहेर गेले ते फक्त एकदा, १९९२ मध्ये क्लेअरकडे. २०१३ ते २०१९ ही सलग सात वर्षे तर केरीच विजेता होता. टिपेररीचा जीव हर्लिंगमध्ये, म्हणजे काठीने खेळल्या जाणाऱ्या दुसऱ्या राष्ट्रीय खेळात. २०१९ चे अखिल आयर्लंड हर्लिंग विजेतेपदही त्यांचेच. तिथे फुटबॉल खेळणारा म्हणजे घरातला धाकटा मुलगा, ज्याच्याकडे पाहुणे शेवटी वळतात. १९३५ च्या विजयालाही एक तळटीप होतीच: त्या वर्षी केरीचा संघ स्पर्धेत उतरलाच नव्हता.

त्या काळी एरवी ही स्पर्धा मे-जूनमध्ये होत असे. मार्च २०२० मध्ये सगळे खेळ थांबले, उन्हाळ्यात फक्त क्लबांचे सामने झाले आणि काउंटी संघ थेट ऑक्टोबरमध्ये मैदानात परतले. त्याच महिन्यात देशात पाचव्या स्तराचे, म्हणजे सर्वांत कडक निर्बंध लागू झाले. काउंटी सामन्यांना सूट मिळाली, पण प्रेक्षकांविना.

वेळ कमी असल्यामुळे आणखी एक बदल करावा लागला आणि सगळा हंगाम फिरला तो त्यामुळेच. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून प्रांतात हरलेल्या संघाला मागच्या दाराने अखिल आयर्लंड स्पर्धेत, म्हणजे चारही प्रांतांचे विजेते जिथे पुढे भिडतात त्या राष्ट्रीय स्पर्धेत, परतण्याची वाट ठेवलेली होती. २०२० मध्ये ती बंद झाली. हरलात की घरी. बलाढ्य संघांना एक वाईट दिवस परवडायचा. या वर्षी तो परवडणार नव्हता.

केरी आणि कॉर्क थेट उपांत्य फेरीत होते. पहिल्या फेरीत टिपेररीने क्लेअरला आणि लिमरिकने वॉटरफर्डला हरवले. ७ नोव्हेंबरला लिमरिकमध्ये झालेल्या उपांत्य सामन्यात टिपेररी जवळजवळ बाहेर पडलाच होता. वेळ संपत आली होती, संघ एका गुणाने मागे होता आणि चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेलेला. कर्णधार कॉनर स्वीनीने तिथूनच, कडेच्या अवघड कोनातून, जमिनीवर ठेवलेला चेंडू थेट खांबांमधून पार केला. बरोबरी झाली, जादा वेळ मिळाला आणि टिपेररी निसटता जिंकला. त्या एका लाथेवर पुढचे सगळे उभे आहे. चेंडू हातभर बाहेर गेला असता तर ही नोंद लिमरिकबद्दल लिहावी लागली असती. त्यांचे शेवटचे विजेतेपद १८९६ चे होते.

दुसऱ्या दिवशी पार्क ई क्वीववर कॉर्क आणि केरी समोरासमोर आले. केरीने दोनच आठवड्यांपूर्वी राष्ट्रीय लीगचे विजेतेपद घेतले होते. कॉर्क त्या वर्षी लीगच्या तिसऱ्या श्रेणीत खेळत होता. हाही सामना जादा वेळेत गेला. अगदी शेवटी केरी एका गुणाने पुढे होता. कॉर्कच्या ल्यूक कॉनोलीने बरोबरीसाठी मारलेला फटका कमी पडला आणि चेंडू गोलसमोरच्या गर्दीत खाली आला. राखीव खेळाडू म्हणून आलेल्या मार्क कीनने तो झेलला आणि वळून जाळ्यात मारला. कॉर्क १-१२, केरी ०-१३. चुकलेल्या फटक्यातून निर्णायक गोल झाला आणि विजेतेपदाचा दावेदार मानला जाणारा केरी एकाच सामन्यात घरी गेला. कीन तेव्हा ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधल्या कॉलिंगवूड क्लबचा व्यावसायिक खेळाडू होता; तिथला हंगाम संपल्यामुळे तो मायदेशी होता. हंगाम हिवाळ्यात ढकलला गेल्याचा हा एक अनपेक्षित फायदा, आणि तो एकट्या कॉर्कला झाला नाही. सिडनी स्वान्सचा कॉलिन ओरिअर्डन अशाच योगाने घरी होता. त्याला क्लबची परवानगी मिळाली आणि अंतिम सामन्यात तो टिपेररीकडून उतरला. डेव्हिड पॉवरच्या मार्गदर्शनाखाली २०११ मध्ये टिपेररीच्या मुलांनी अल्पवयीन गटाचे अखिल आयर्लंड विजेतेपद मिळवले होते. ओरिअर्डन त्या संघात होता. आता पॉवर वरिष्ठ संघाचा व्यवस्थापक होता.

अंतिम सामन्याच्या तारखेमुळे या हंगामाला निराळे वजन आले. आदल्या दिवशी, २१ नोव्हेंबरला, ‘रक्तरंजित रविवारा’ला शंभर वर्षे पूर्ण झाली. २१ नोव्हेंबर १९२० रोजी, स्वातंत्र्ययुद्ध चालू असताना, डब्लिनच्या क्रोक पार्कवर डब्लिन विरुद्ध टिपेररी हा सामना सुरू होता. त्या सकाळी आयरिश क्रांतिकारकांनी शहरात ब्रिटिश गुप्तहेर अधिकाऱ्यांना ठार केले होते. दुपारी ब्रिटिश सशस्त्र दले मैदानात घुसली आणि गर्दीवर गोळीबार केला. चौदा जण गेले; त्यांत १०, ११ आणि १४ वर्षांची मुले होती. मैदानावरचा टिपेररीचा खेळाडू मायकेल होगनही मारला गेला. क्रोक पार्कच्या मुख्य प्रेक्षक-सज्जाला आज त्याचेच नाव आहे.

टिपेररीचा नेहमीचा पोशाख निळा-सोनेरी. अंतिम सामन्यात मात्र संघ पांढऱ्या-हिरव्या सदऱ्यांत उतरला. हे होगनच्या ग्रेंजमॉकलर क्लबचे रंग, आणि १९२० च्या त्या दुपारी संघाच्या अंगावर हेच होते. खेळाडू भावनेच्या भरात वाहून गेले असे मात्र सामना पाहताना वाटत नाही. स्वीनी आणि मायकेल क्विनलिव्हन या दोघांनीच संघाचे निम्म्याहून अधिक गुण केले, आणि केरीला हरवून संभाव्य विजेता ठरलेला कॉर्क पाठलागच करत राहिला. शिट्टी झाली तेव्हा ४५ हजारांच्या त्या मैदानात खेळाडूंचा आरडाओरडा तेवढा ऐकू येत होता.

त्याच दिवशी उत्तरेकडे अल्स्टर प्रांतात कॅव्हनने डोनेगलला हरवून १९९७ नंतरचे पहिले विजेतेपद घेतले. लेन्स्टरमध्ये डब्लिन आणि कॉनॉटमध्ये मेयो आधीच जिंकले होते. त्यामुळे अखिल आयर्लंड उपांत्य फेरीत डब्लिन-कॅव्हन आणि मेयो-टिपेररी या जोड्या आल्या. १९२० च्या स्पर्धेतही नेमक्या याच होत्या. आयर्लंडमध्ये याचे वर्णन दैवी योग असेच झाले. योग होताच, पण त्याची वाट मोकळी केली ती बाद फेरीच्या नियमाने, हे विसरून चालणार नाही.

साम्य तिथेच संपले. १९२० मध्ये टिपेररीने मेयोला नमवले होते आणि युद्धामुळे थेट जून १९२२ मध्ये झालेल्या अंतिम सामन्यात डब्लिनलाही. २०२० मध्ये ६ डिसेंबरला क्रोक पार्कवर मेयोने टिपेररीला ५-२० विरुद्ध ३-१३ असे हरवले, आणि १९ डिसेंबरला डब्लिनने मेयोला हरवून सलग सहावे अखिल आयर्लंड विजेतेपद घेतले. मन्स्टरचा चषक पुढच्याच वर्षी केरीने परत नेला. अंतिम फेरीत कॉर्कचा त्यांनी ४-२२ विरुद्ध १-९ असा धुव्वा उडवला.