आधी कुठली गाडी घ्यायची?

काम तुंबलं की आपल्याला दोनच उपाय सुचतात: माणसं वाढवा, नाहीतर नवं यंत्र घ्या. कामांचा नुसता क्रम बदलूनही वेळ वाचतो, हे सहसा कुणाला पटत नाही. काम तेवढंच, माणसं तेवढीच, मग वेळ कसा कमी होईल? शेड्युलिंगचं संशोधन याच प्रश्नापाशी सुरू होतं. त्यातला मला सर्वांत आवडणारा नियम समजायला बेरीज-वजाबाकी पुरते.

म्हापशातलं एखादं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज घ्या. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, त्यामुळे गंजलेल्या पत्र्याला गोव्यात तोटा नाही. आधी मेस्त (मिस्त्री) पत्रा सरळ करणार, मग पेंटर रंग मारणार. मेस्त एक, पेंटरही एकच. लाल गाडीला डेंटिंग 6 तास, पेंटिंग 2. पांढरीला 1 आणि 5. निळीला 4 आणि 6.

लाल, पांढरी, निळी अशा क्रमाने घेतल्या तर पेंटर पहिले 6 तास रिकामा बसतो आणि सगळं काम 19 तासांनी संपतं. लाल, निळी, पांढरी घेतल्या तर 21. पांढरी, निळी, लाल घेतल्या तर मात्र 14! याहून कमी शक्यच नाही. रंगाचं एकूण काम 13 तासांचं आहे आणि पहिली गाडी हाती यायला पेंटरला निदान 1 तास थांबावं लागणारच. पहिली गाडी कुठल्या मुहूर्तावर घेतली याने मिनिटाचाही फरक पडत नाही. पहिली कुठली घेतली याने पाच-सात तासांचा पडतो.

हा क्रम शोधायची रीत सेल्मर जॉन्सन यांनी 1954 मध्ये मांडली. सगळ्या आकड्यांतला सर्वांत लहान शोधा. तो पहिल्या टप्प्याचा असेल तर ते काम रांगेत सर्वांत पुढे, दुसऱ्या टप्प्याचा असेल तर सर्वांत मागे. ते काम बाजूला काढा आणि उरलेल्यांवर हेच करा. सुरुवातीला पेंटरला लवकर काम मिळावं आणि शेवटी मेस्ताचा हात रिकामा झाल्यावर थोडंच रंगकाम उरावं, एवढाच हेतू. सिद्धता शेजारच्या दोन कामांची अदलाबदल करून होते: आधीच्या कामाचा पहिला टप्पा आणि नंतरच्याचा दुसरा टप्पा यांतला लहान आकडा घ्या, मग क्रम उलटा करून तसाच घ्या. ज्या क्रमाचा आकडा लहान तो क्रम कधीच तोट्याचा ठरत नाही. 20 गाड्यांच्या संभाव्य क्रमांची संख्या 19 अंकी आहे. ही रीत त्यातून वाट काही मिनिटांत, कागदावर काढते.

आता पॉलिशचा तिसरा टप्पा जोडा, आणि नियम कोसळतो. गॅरी, जॉन्सन (हे वेगळे, डेव्हिड) आणि सेठी यांनी 1976 मध्ये दाखवलं की तीन टप्प्यांचा प्रश्न अशा वर्गातला आहे, ज्यासाठी झटपट आणि नेमकी रीत आजवर कुणालाच सापडलेली नाही. पुरवठा साखळीत तर टप्पे कितीतरी. गोव्यातल्या मांडवी-झुआरी नद्यांतून मुरगाव बंदराला जाणाऱ्या खनिजाच्या बार्जच (मालवाहू होड्या) पाहा. भरायचे धक्के अनेक, वर भरती-ओहोटी, आणि पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी आग्वादच्या वाळूच्या दांड्यावरून जाणारी वाट बंद झाली की मांडवीतल्या बार्जना कुंभारजुव्याच्या कालव्याचा वळसा. बंदरात जहाज ताटकळलं तर डेमरेज, म्हणजे जहाज खोळंबल्याचा दंड, वेगळाच.

अशा ठिकाणी संशोधक आधी आपल्या 14 तासांसारखी खालची सीमा काढतात, मग बऱ्यापैकी वेळापत्रक बनवतात आणि दोहोंतलं अंतर मोजतात. ‘एआय’ने परिपूर्ण वेळापत्रक देतो म्हणणाऱ्या विक्रेत्याकडे आधी ते अंतर मागा.