परदेशातून फुलपाखराचा नमुना मागवायचाय? आधी परवान्याचं बघा

फ्रेममधलं फुलपाखरू आवडलं की लोक आधी पैसे भरतात आणि मग विचारतात परवाना लागतो का, इथेच घोळ होतो, कारण पार्सल निघाल्यावर मागाहून परवाना सहसा मिळत नाही. मेलेलं, वाळलेलं, पिन मारलेलं असलं तरी नियमांच्या लेखी तो वन्यजीवच.

तर पहिलं काम म्हणजे विक्रेत्याकडून पूर्ण शास्त्रीय नाव घ्या, "हिरवं बर्डविंग, नर" एवढ्याने भागत नाही. ते नाव सायटीसच्या यादीत शोधा (वन्यजीवांच्या व्यापारावरचा, १९७५ पासून लागू असलेला आंतरराष्ट्रीय करार). ऑर्निथॉप्टेरा, ट्रॉयडीस, ट्रोगोनॉप्टेरा ही बर्डविंग (मोठ्या पंखांची फुलपाखरं) मंडळी परिशिष्ट २ मध्ये, म्हणजे व्यापार चालतो पण परवान्यानेच, अपोलो फुलपाखरू पण तिथेच. अपवाद ऑर्निथॉप्टेरा अलेक्झांड्री, पापुआ न्यू गिनीचं, जगातलं सगळ्यात मोठं फुलपाखरू, ते परिशिष्ट १ मध्ये, म्हणजे जंगलातून पकडलेल्याची खरेदी-विक्री बंदच. कोणी "सगळे पेपर आहेत" म्हणून ते विकायला आला तर सरळ नाही म्हणा.

परिशिष्ट २ वालं करारानुसार घेता येतं, फक्त निर्यात परवाना हवा, आणि तो विक्रेत्याने त्याच्या देशातल्या सायटीस कार्यालयातून काढायचा असतो. माल तिसऱ्याच देशातून येत असेल तर पुनर्निर्यात प्रमाणपत्र लागतं. आयात परवाना करारानुसार परिशिष्ट १ लाच लागतो पण युरोपियन युनियनसारखे काही जण परिशिष्ट २ लाही मागतात, म्हणून आपल्याकडच्या कार्यालयात आधी विचारून घ्या. करार लागू व्हायच्या आधीचा जुना संग्रह असेल तर त्याचं वेगळं प्रमाणपत्र असतं, पण तारखेचा पुरावा लागतो.

परवान्याचा फोटो मागवा आणि नीट वाचा. नाव, नग, आणि सोर्स कोड, म्हणजे नमुना कुठून आला त्याचं अक्षर: डब्ल्यू म्हणजे जंगलातून, सी म्हणजे पिंजऱ्यात पैदास, आर म्हणजे अंडी-अळ्या जंगलातून आणून वाढवलेलं. मुदत जास्तीत जास्त ६ महिने. परवान्यावर ४ नग आणि आत ५ निघाले तर कस्टम्समध्ये अडकलंच समजा.

पंख मिटून त्रिकोणी कागदी पाकिटात आलेल्या नमुन्यासोबत कुठे, कधी, कोणी पकडलं याची चिठ्ठी असते, ती फेकू नका. फ्रेमवाले ती बरेचदा काढून टाकतात, मला तर ते बघवत नाही, चिठ्ठी गेली की उरतो फक्त शोपीस.

परवान्याची कॉपी फ्रेमच्या मागेच चिकटवून ठेवा, पुढे कधी ते परदेशात विकायचं किंवा कोणाला पाठवायचं झालं तर पहिला तोच कागद मागतात.