निरंतर वैद्यकीय शिक्षण (फॅमिली डॉक्टरांचे)
पदवी व नोंदणीनंतर, दवाखाना चालवत असतानाच डॉक्टर घेत असलेले शिक्षण. वैद्यकीय व्यवसायात ‘सीएमई’ (कंटिन्युइंग मेडिकल एज्युकेशन) हेच नाव रूढ आहे.

उगम नेमका कोठे धरावा, याबाबत मतभिन्नतेला जागा आहे. मुंबईपुरते पाहिल्यास १८३५ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे मेडिकल अँड फिजिकल सोसायटीपर्यंत मागे जाता येते. परंतु तिचे सभासद मुख्यतः ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील होते, आणि तेथील निबंधवाचनाला आजच्या अर्थाने निरंतर शिक्षण म्हणणे ओढूनताणून होईल. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाने १९३६-३७ च्या सुमारास व्यवसायातील डॉक्टरांसाठी अल्पमुदतीचे वर्ग सुरू केले. फॅमिली डॉक्टरांपुरता विचार करता १९४७ हे वर्ष अधिक ग्राह्य वाटते : त्या वर्षी स्थापन झालेल्या अमेरिकन अकॅडमी ऑफ जनरल प्रॅक्टिसने सभासदत्व टिकवण्यासाठी ३ वर्षांत १५० तासांच्या अभ्यासाची अट घातली. भारतात इंडियन मेडिकल असोसिएशनने १९६३ मध्ये जनरल प्रॅक्टिशनरांसाठी स्वतंत्र महाविद्यालय स्थापन केले.

भारतीय आयुर्विज्ञान परिषदेच्या २००२ च्या आचारविषयक विनियमांत (कलम १.२.३) दर ५ वर्षांत किमान ३० तास अशा कार्यक्रमांत भाग घ्यावा व तसे परिषदेला कळवावे, असे म्हटले आहे. हे कर्तव्य न पाळल्यास नोंदणीचे काय, हे त्या कलमात नाही. महाराष्ट्रात मात्र नोंदणीच्या पंचवार्षिक नूतनीकरणाला ३० क्रेडिट पॉइंट लागतात. तास आणि क्रेडिट यांची सरमिसळ सर्रास होते, ती टाळावी. तास उपस्थितीचे, क्रेडिट राज्याच्या वैद्यकीय परिषदेने कार्यक्रमाला दिलेले. मान्यता नसलेल्या व्याख्यानाला दिवसभर बसले तरी क्रेडिट मिळत नाही. भारतीय आयुर्विज्ञान परिषदेच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे २०२३ चे नवे विनियम त्याच वर्षी २३ ऑगस्टला स्थगित झाल्याने २००२ चेच पुन्हा लागू झाले.

या शिक्षणाची निकड क्षयरोगाच्या उदाहरणात सर्वांत ठळक दिसते. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबईतील एका पाहणीत १०० खाजगी डॉक्टरांनी ८० वेगवेगळ्या उपचारपद्धती लिहिल्या होत्या. मुंबईतील छातीविकारतज्ज्ञ झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये तसाच अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सीएमईला आलेल्या १०६ डॉक्टरांना कार्यक्रम सुरू होण्यापूर्वीच प्रश्न विचारले होते. उपचारपद्धती ६३ निघाल्या. योग्य औषधयोजना अवघ्या ६ जणांची होती. नमुने लहान असल्याने ८० वरून ६३ म्हणजे सुधारणा, असा अर्थ काढता येत नाही. चुकीच्या औषधयोजनेतून औषधांना न जुमानणारा क्षय पसरतो, म्हणून हे आकडे गंभीर आहेत.

निव्वळ व्याख्यानाने डॉक्टरांची उपचाराची सवय बदलत नाही. चर्चा व सराव असलेल्या सत्रांनी ती काही प्रमाणात बदलते, असा निष्कर्ष डेव्ह डेव्हिस व सहकाऱ्यांच्या १९९९ च्या आढाव्यात आहे. आपल्याकडील सीएमईत बहुधा तज्ज्ञ बोलतो आणि जनरल प्रॅक्टिशनर ऐकतो. दवाखान्यात मात्र रुग्ण निदान ठरवून येत नाही. तिसऱ्या दिवसाच्या तापात काय थांबून पाहावे, कोणाला लगेच रुग्णालयात पाठवावे, हे ज्ञान फॅमिली डॉक्टरांपाशीच असते. व्यासपीठावर त्यांना अधिक जागा मिळायला हवी.

सीएमई कार्यक्रमांना मिळणाऱ्या औषध कंपन्यांच्या आर्थिक साह्याबाबत मार्च २०२४ च्या केंद्रीय औषध-विपणन संहितेने परदेशातील कार्यक्रमांना मनाई केली आहे.

राज्यातील अनेक फॅमिली डॉक्टर आयुर्वेद वा होमिओपॅथीचे पदवीधर आहेत. त्यांच्या नोंदणी परिषदा वेगळ्या. होमिओपॅथांसाठी २०१४ च्या कायदादुरुस्तीनंतर आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू झाला.