प्रजा परिषद (कोल्हापूर संस्थान)

कोल्हापूर संस्थानातील प्रजेच्या राजकीय हक्कांसाठी १९३९ मध्ये स्थापन झालेली संघटना. माधवराव बागल (१८९५–१९८६) आणि रत्नाप्पा कुंभार हे तिचे प्रमुख नेते. कारभार लोकनियुक्त प्रतिनिधींना जबाबदार असावा, शेतसारा कमी व्हावा आणि भाषण व सभा यांवरील बंधने उठावीत, असा तिचा आग्रह होता.

करवीरची गादी छत्रपतींची, ताराराणींनी राखलेली. तिचा अभिमान संस्थानातल्या शेतकऱ्यापासून पेठेतल्या तालमीपर्यंत सर्वांना होता आणि आजही आहे. मात्र गादीवरच्या माणसाबद्दल आदर आणि तिच्या नावाने हुकूम काढणाऱ्या दरबाराबद्दल सावधपणा, या दोन्ही गोष्टी येथे फार पूर्वीपासून एकत्र नांदल्या. ब्रिटिशांच्या पाठबळावर चाललेल्या कारभाराविरुद्ध सामानगड, भुदरगड, पन्हाळा येथील गडकऱ्यांनी १८४४ मध्ये बंड केले. १८५७ च्या उठावानंतर छत्रपतींचे बंधू चिमासाहेब यांना कराचीला नेऊन नजरकैदेत ठेवण्यात आले आणि तेथेच ते वारले. प्रजेवर सरकारे दोन होती, एक दरबारचे आणि दुसरे त्याच्या डोक्यावर बसलेले इंग्रजांचे. दाद मागायची कोणाकडे, हा प्रश्न त्यामुळे नेहमीच लोंबकळत राहिला.

राजर्षी शाहू महाराजांची कारकीर्द समजून घेतल्याशिवाय परिषदेचे वेगळेपण कळत नाही. २६ जुलै १९०२ चा पन्नास टक्के राखीव जागांचा जाहीरनामा, १९१७ चा सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा यांनी त्या काळच्या ब्रिटिश मुलखालाही मागे टाकले. पण हे सारे राजाज्ञेने आले होते. हुकमाने मिळालेले पुढचा कारभारी हुकमानेच काढून घेऊ शकतो. १९२२ मध्ये महाराज गेले आणि ही उणीव जाणवू लागली. बागल स्वतः सत्यशोधक घरातले, शाहूंना मनोमन मानणारे. त्यांनीच दरबाराविरुद्ध उभे राहावे याला काहींनी कृतघ्नपणा म्हटले असेल. प्रस्तुत नोंदकाराच्या मते मात्र शाहूंच्या शाळांत शिकलेल्या पिढीने हक्क मागणे, हे त्या शाळांचेच यश होय.

परिषदेच्या नेत्यांना अटका झाल्या. १९४२ च्या चळवळीत संघर्ष आणखी तीव्र झाला. मुंबईचे माजी गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचा कोल्हापुरातील पुतळा भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हविरे या दोघींनी विद्रूप केला. पुढच्या वर्षी क्रांतिकारकांनी तो फोडला आणि १९४५ मध्ये त्याच जागी शिवाजी महाराजांचा पुतळा उभा राहिला. तोच आजचा शिवाजी चौक. १३ डिसेंबर १९४२ रोजी गारगोटीच्या कचेरीवर हल्ला करताना सात तरुण गोळीबारात मारले गेले. ती कचेरी संस्थानची होती. देशाच्या स्वातंत्र्यासाठी निघालेली ही पोरे छत्रपतींच्या नावाने चालणाऱ्या सरकारच्या गोळीने पडली, हे दुःख भुदरगड तालुका अजून विसरलेला नाही.

१ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. रत्नाप्पा कुंभार संविधान सभेचे सदस्य होते. परिषद ज्या भाषण आणि सभा स्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेली, ते संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदात हक्क म्हणून लिहिले गेले. पुढे ९ डिसेंबर १९५० रोजी बिंदू चौकात महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे पुतळे बसवण्यात बागलांचा पुढाकार होता. आंबेडकर तेव्हा हयात होते. त्या चौकात आजही सभा भरतात.

परिषदेची कार्यपद्धती ‘सर्वपक्षीय कृती समिती’ या खास कोल्हापुरी रूपात टिकली, असे म्हणता येते. प्रश्न पेटला की पक्षांचे झेंडे बाजूला ठेवायचे, तालमी-मंडळांना निरोप द्यायचे, जिल्हाधिकाऱ्यांकडे शिष्टमंडळ न्यायचे, मग मोर्चा आणि शेवटी कोल्हापूर बंद. याचे ठळक उदाहरण म्हणजे शहरांतर्गत रस्त्यांवरील टोलविरुद्धचा लढा. रस्ते खाजगी कंपनीने बांधले आणि त्या बदल्यात तीस वर्षे टोल वसूल होणार होता. आपल्याच गावात शिरायला पैसे का मोजायचे, हा लोकांचा सवाल होता. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखे वयोवृद्ध नेते रस्त्यावर उतरले. जानेवारी २०१४ मध्ये नाक्यांची जाळपोळही झाली. त्या हिंसेचे समर्थन करता येत नाही, पण लोकांचा संताप कोणत्या टोकाला गेला होता हे त्यातून दिसते. फेब्रुवारी २०१५ मध्ये पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार दिवसांनी त्यांचे निधन झाले. टोल रद्द होण्याची घोषणा त्याच वर्षाच्या अखेरीस झाली, ती त्यांना पाहता आली नाही.

कृती समितीची एक मर्यादा येथे नोंदवली पाहिजे. प्रश्न सुटला की ती पांगते. प्रजा परिषदेने मागितलेली जबाबदार राज्यपद्धती रोजच्या कारभाराशी संबंधित होती. करार सही होण्याआधी तो वाचणारे, निविदेवर वेळीच बोट ठेवणारे नागरिक मोर्चातील गर्दीच्या मानाने फार थोडे आहेत.