पाचगणीच्या फोटोतलं ते झाड पाइन नाही

पाचगणीचे फोटो टाकताना लोक खाली हमखास लिहितात, 'पाइनच्या जंगलात!' मागे बहुतेकदा सिल्व्हर ओक असतो, नाहीतर कुणाच्या बंगल्याचा सुरू. दोन्ही फुलं येणारी झाडं, पाइनशी नातं नाही.

सिल्व्हर ओकची पानं नेच्यासारखी, तो लगेच ओळखू येतो. फसवतो तो सुरू. त्याची 'सुई' ओढून बघा, सांध्यावर तुटते. ती पान नाहीच, हिरवी बारीक फांदी आहे. खरी पानं म्हणजे प्रत्येक सांध्यावरचे इवलेसे खवले. भिंगाशिवाय दिसणं कठीण. उलट हिमालयातल्या थुनेरला, म्हणजे यू वृक्षाला, लाकडी शंकू येत नाही, बीभोवती लाल मांसल वाटी येते. तरी तो अस्सल सूचिपर्णी, म्हणजे पाइनच्याच गटातला!

आणखी एक समज: सूचिपर्णी झाडांची पानं गळत नाहीत. गळतात की. चीड, म्हणजे हिमालयातला एक पाइन, उन्हाळ्यात सुयांचा सडा घालतो, उत्तराखंडातले वणवे त्यावरच भडकतात. लार्च तर शरदात पिवळा होऊन पार बोडका होतो.

सातारच्या डोंगरात मूळचं सूचिपर्णी झाड एकही नाही. महाबळेश्वरची बारमाही हिरवाई जांभूळ, अंजनीची. लावलेली झाडं वेगळी.